हात सोडायची जागा

गुल्लिक ब्रोटेनचा हात मी आयुष्यात एकदाच धरला, तोही त्याच्या बहिणीच्या लग्नात नाचताना. नाच संपायच्या आधीच त्याने तो सोडवून घेतला आणि कॉफीच्या टेबलाकडे गेला. हाच माणूस हिवाळाभर रोज एका बाप्याचा हात धरून उतारावरून घसरत असतो, असं मी त्या हॉलमध्ये कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी मला जास्त झाली म्हणून बाहेर नेऊन बसवलं असतं. पण आमच्यात ते काम असतं, आणि गुल्लिकसारखं ते काम करणारा दुसरा कुणी मी पाहिला नाही.

मी तोरिल. बायथलॉनच्या संघाचा मेणाचा ट्रक चालवते. पाठीवर रायफल घेऊन स्कीवर पळायचं, मध्ये थांबून धापा टाकत नेम धरायचा, नेम चुकला की दंडाची फेरी मारायची, एवढं टीव्हीवर दिसतं. ते पळणारे आठ-दहा जण असतात आणि त्यांच्या स्कीला मेण लावणारे आम्ही बाराजण. नोव्हेंबरच्या शेवटी स्वीडनमध्ये हंगाम सुरू होतो, मग ऑस्ट्रिया, जर्मनी, इटली करत मार्चमध्ये आपल्याच देशात, ऑस्लोला येऊन संपतो. चार महिने आम्ही एकमेकांची तोंडं बघतो, एकमेकांच्या घोरण्याला शिव्या देतो आणि हॉटेलात एकाच लांब टेबलाशी जेवतो.

गुल्लिक आणि योस्टाइन हे आमचे घसरून बघणारे. शर्यतीच्या दिवशी बर्फ कसा आहे, कुठलं मेण आणि कुठली जोडी चालेल, हे शेवटी असंच ठरतं. एकाच्या पायात एक जोडी, दुसऱ्याच्या पायात दुसरी. उताराच्या माथ्यावर दोघांनी हात धरायचे, बरोबर सुटायचं, वेग सारखा झाला की कडेला रोवलेल्या फांदीपाशी हात सोडायचे. त्यानंतर गुडघे वाकवून पुतळ्यासारखं राहायचं. ढकलायचं नाही, मागे वळायचं नाही, ब्रेक मारायचा नाही. जो पुढे सरकेल त्याच्या पायातली जोडी चांगली. मग जोड्यांची अदलाबदल करून पुन्हा एकदा.

यात मेख एकच. दोघांचं वजन सारखं हवं. जड माणूस उतारावर पुढे जाणारच, मग स्कीला दोष देण्यात अर्थ नाही. गुल्लिक आणि योस्टाइन दोघे चौऱ्याऐंशी किलोचे, आणि पंधरा हिवाळे ते तसेच राहिले. योस्टाइन उत्तरेकडच्या ट्र्योंडेलागचा, बायको-पोरांचा, बडबड्या. नाताळात घरी गेला की पोट सुटून यायचा, आणि मग गुल्लिक जानेवारीभर त्याच्या पुढ्यातली खीर उचलून दुसरीकडे ठेवायचा. आम्ही त्यांना नवराबायको म्हणायचो. "बायको बघत्ये, केक ठेव खाली," असं कुणीतरी ओरडायचं आणि योस्टाइन खरंच ठेवायचा.

गुल्लिक बोलायचा कमी. हालिंगदालमध्ये आमच्याच दरीत वरच्या अंगाला त्याचं घर. तो आणि त्याची थोरली बहीण बोर्गहिल, दोघंही बिनलग्नाची, आईबापांच्या मागे तिथेच राहिलेली. दर नोव्हेंबरला मी ट्रक घेऊन त्याच्या फाटकाशी थांबायचे. रस्ता घराला इतका लागून आहे, आणि ट्रकची केबिन इतकी उंच, की त्यांचं सगळं स्वयंपाकघर मला वरून दिसायचं. बोर्गहिल खिडकीशी बटाट्याच्या पोळ्या कागदात गुंडाळत असायची. ती बाहेर यायची, पुडकं माझ्याकडे द्यायची आणि म्हणायची, "त्याच्याकडे देऊ नकोस गं, तो वाटून टाकतो सगळ्यांना."

मग साठी उलटल्यावर बोर्गहिलला नवरा मिळाला. सहकारी दुकानाने म्हाताऱ्यांसाठी बसची सहल काढली होती. त्या सहलीत उत्तरेच्या लोफोटेन बेटांवरचा एक विधुर कोळी तिच्या शेजारी बसला, आणि परत येईपर्यंत सगळं ठरलं. दरीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. जूनमध्ये लग्न झालं. गुल्लिकने भाषण केलं, चार वाक्यांचं, त्यात दोनदा "मला आनंद झाला आहे" असं होतं. त्याला खरंच झाला होता. दुसऱ्या दिवशी बोर्गहिल उत्तरेला गेली, लोकर कातायचं चाक आणि खिडकीतली फुलझाडं घेऊन.

नोव्हेंबरात फाटकाशी थांबले तेव्हा स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. गुल्लिक आधीच बाहेर येऊन बॅगेवर बसला होता. केबिनमध्ये चढला तेव्हा जॅकेट त्याच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखं लोंबत होतं. मी म्हटलं, "काय रे, बारीक झालास?"

"मोठ्या मापाचं आलंय," तो म्हणाला आणि काचेतून बाहेर बघू लागला.

स्वीडनमध्ये पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. उतारावर हात सुटले आणि गुल्लिक मागे पडला. जोड्या बदलल्या, तरी गुल्लिकच मागे. योस्टाइन म्हणाला वारा त्या बाजूने आहे. बाजू बदलल्या, तरी तेच. आमचा मुख्य, विदार, खाली उभा राहून बघत होता. नंतर त्याने स्कीच्या तळव्यांकडे न बघता गुल्लिककडे बघितलं. विदार वाईट माणूस नव्हे. त्याच्या मानेवर सगळ्या संघाचं ओझं असतं. पळणारी पोरं वर्षभर घाम गाळतात आणि आपण दिलेली स्की चालली नाही की सगळं पाण्यात, ही भीती त्याला झोपू देत नाही. जोडगोळीचं जमत नसेल तर जोडगोळी मोडायची, हे त्याने पूर्वीही केलेलं होतं.

आणि हे गुल्लिकला माहीत होतं. बाहेरच्या माणसाला वाटेल, एक नोकरी गेली तर काय मोठंसं. पण या माणसाचं वर्ष मला माहीत होतं. उन्हाळ्यात तो गवत कापतो, लाकडं फोडतो, आणि दिवसचे दिवस कुणाशी बोलत नाही. नोव्हेंबर ते मार्च, ते लांब टेबल, योस्टाइनची बडबड, ती खिरीची थट्टा, आणि रोज सकाळी उतारावर धरलेला एक हात, एवढीच त्याची माणसं. बोर्गहिल होती तोवर उन्हाळ्यालाही कुणीतरी होतं. आता हिवाळा गेला तर काहीच राहणार नव्हतं.

ऑस्ट्रियात मात्र सगळं सुरळीत झालं. हात सुटले की दोघे पूर्वीसारखे जोडीने घसरू लागले. जोडीजोडीतला फरक तेवढा दिसायचा, माणसातला नाही. विदारने श्वास सोडला. स्वीडनचा तो वाराच होता असं सगळ्यांनी धरून चाललं. गुल्लिक आता जॅकेटच्या आत एक करडं, गोधडीसारखं शिवलेलं जाकीट घालायचा. आमच्याकडे अशी जाकिटं प्रत्येकाच्या अंगावर असतात, तेव्हा त्याकडे बघायचं कुणाला सुचणार?

मी बघत होते ते त्याच्या ताटाकडे. ट्रक चालवणाऱ्या बाईला जेवणाचं महत्त्व कळतं. टेबलाशी तो पूर्वीसारखा बसायचा, ताट भरून घ्यायचा, बटाटे या कडेचे त्या कडेला करायचा, आणि सगळे उठले की ताट उचलून द्यायचा. एकदा योस्टाइनने न बोलता आपला मांसाचा तुकडा त्याच्या ताटात टाकला. गुल्लिकने तितक्याच शांतपणे तो परत ठेवला. योस्टाइनसारखा बोलका माणूस त्यावर काहीच बोलला नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

जानेवारीत आम्ही जर्मनीत, ओबरहोफला. ती जागा मला कधी आवडली नाही. धुकं एवढं की नेम धरणाऱ्यांना कधीकधी आपलीच निशाणं दिसत नाहीत. वरून बर्फ, पाऊस आणि मधलं काहीतरी सतत पडत असतं. त्या दिवशी बायकांची छोट्या पल्ल्याची शर्यत होती, आणि आमची सगळी आशा यिल्वावर होती. डिसेंबरात ती दोनदा पहिल्या दहांत आली होती आणि तिचे पाय त्या आठवड्यात चांगले चालत होते. सकाळपासून घसरून बघणं चाललं होतं. गुल्लिक दोनदा वर गेला आणि दोनदा चिंब भिजून ट्रकमध्ये आला. दुसऱ्यांदा त्याने अंगावरचं सगळं बदललं, ओलं जाकीट खुंटीला टांगलं आणि कॉफी घेऊन बाकावर टेकला.

जाकिटातून जमिनीवर पाणी गळत होतं. तो कॉफीत बघत बसला होता, म्हणून हीटरजवळ टांगावं या विचाराने मी ते खुंटीवरून काढायला गेले, तर ते माझ्या हातातून सुटता सुटता राहिलं. भिजलेलं कापड जड असतं, पण इतकं नाही. मी अस्तर चाचपलं. आत ओळीने बारीक कप्पे शिवलेले होते आणि प्रत्येक कप्प्यात मासेमारीच्या गळाला लावतात तसा शिशाचा गोळा. टाके सुबक होते. हे शिवायला तो स्वीडनमध्ये किती संध्याकाळी खोलीत एकटा बसला असेल, असं माझ्या मनात आलं, आणि मग सगळंच एकदम लक्षात आलं.

गुल्लिककडे वळले, तर तो माझ्याकडेच बघत होता. तेवढ्यात रेडिओवर विदार ओरडला. पावसाचा बर्फ झाला होता, मोठाले ओले पुंजके पडत होते, सकाळचा सगळा हिशेब वाया गेला होता आणि यिल्वाची सुरुवात तोंडावर आली होती. दोन जोड्या राहिल्या होत्या, चार नंबर आणि सात नंबर, आणि विदारला ताबडतोब उत्तर हवं होतं. गुल्लिकने कप ठेवला, नवं कोरडं जॅकेट घातलं आणि स्की उचलून पळाला. जाकीट माझ्या हातातच राहिलं. मी दारापर्यंत गेले, पण हाक मारावी तर काय मारावी, ते कळेना.

ट्रकच्या दारातून धुक्यात तो उतार जेमतेम दिसायचा. दोघे वर पोचले. योस्टाइनच्या पायात सात, गुल्लिकच्या पायात चार. हात धरले, सुटले, फांदीपाशी हात सोडले, आणि योस्टाइन स्वच्छ पुढे गेला. अदलाबदल करून बघायला वेळ नव्हता. संघातल्या प्रत्येकाच्या कानात एकच रेडिओ असतो, मेणवाल्यांच्या, प्रशिक्षकांच्या, ट्रकमध्ये माझ्याही. विदारचा आवाज आला, "बघितलं मी. सात. ठरलं, सात घेऊन जा."

मग गुल्लिकचा आवाज आला. रेडिओवर तो वर्षातून चार शब्द बोलत असेल.

"थांब. ही धाव धरू नका. मी हलका आहे."

"काय?"

"वजनाने. योस्टाइनपेक्षा आठ किलोने. चारच चांगली असेल. पायाखाली मोकळी चालत होती."

बाराजण, प्रशिक्षक, डॉक्टर, सगळ्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं योस्टाइन काहीतरी बोलेल, तो असल्या वेळी नेहमी बोलतो. तो बोलला नाही. शेवटी विदार म्हणाला, "चार," आणि कुणीतरी चार नंबर घेऊन पळालं.

स्की चालली. यिल्वा उतारावर पुढच्यांना गाठत होती हे टीव्हीवर सुद्धा दिसलं, आणि पालथं पडून मारायची पाचही निशाणं तिने पाडली. मग उभ्याने दोन चुकवले, दंडाच्या दोन फेऱ्या मारल्या आणि एकोणिसावी आली. ती ट्रकपाशी येऊन म्हणाली, स्की झकास होती, माती मी खाल्ली. तिला बाकीचं काही माहीत नव्हतं. गुल्लिकने आपल्या जागेवर पाणी सोडलं ते एकोणिसाव्या नंबरासाठी, याचा मला इतका राग आला की मी जाऊन ट्रकचे टायर तपासत बसले. तपासण्यासारखं त्यांत काहीच नव्हतं.

विदार ट्रकमध्ये आला तेव्हा जाकीट बाकावर पसरलेलं होतं. त्याने एक गोळा दाबून पाहिला.

"शिसं, गुल्लिक? शिसं?"

"आधी तुमच्याकडे येऊन सांगणार होतो," गुल्लिक म्हणाला. "मग वाटलं, नाताळापर्यंत वजन भरून येईल."

"मी आता कुठली टेस्ट खरी मानू?"

"ऑस्ट्रियापासूनच्या सगळ्या खऱ्या आहेत. मी रोज वजन करून गोळे घालायचो. आजची एकच खोटी होती, ती सांगितली."

विदारने डोळे चोळले. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला की गुल्लिकने उरलेला हंगाम ट्रकमध्येच मेण खरवडायला थांबावं, आणि पुढच्या हिवाळ्यापासून घरच्या वर्कशॉपात दगडावर स्की घासायचं काम बघावं. ते काम एका माणसाचं असतं. मशीन, पाणी आणि एक माणूस. गुल्लिकने मान हलवली आणि खरवडणी उचलून कामाला लागला.

दुसऱ्या संघाकडून हालवर नावाचा एक चाळिशीतला माणूस आणला. धडधाकट, हसरा, कामाला चोख, वजन जिथल्या तिथे. त्याच्यात खोड काढायला मला बरंच शोधावं लागलं. योस्टाइन त्याचा हात धरून घसरू लागला. ट्रकच्या बाकापाशी एक लहानशी खिडकी आहे, तिच्यातून तो उतार दिसतो. गुल्लिक त्या खिडकीकडे पाठ करून उभा राहायचा. टेबलाशी मात्र यायचा. टोकाला बसायचा. खिरीची थट्टा कुणी काढेना, आणि योस्टाइन ती आता मुकाट्याने सगळी खायचा.

त्या दोघांचं बोलणंच बंद झालं होतं. मला वाटलं योस्टाइन चिडलाय, फसवला गेला म्हणून. इटलीत मी डिझेल भरत होते तेव्हा तो येऊन शेजारी उभा राहिला आणि न विचारताच बोलू लागला.

"मला माहीत होतं, तोरिल. स्वीडनपासून."

"जाकिटाचं?"

"जाकिटाचं नाही. त्याचं. पंधरा वर्षं धरलेला हात आहे तो. हातमोज्यातूनसुद्धा कळलं की बोटं उरलीत नुसती."

"मग बोलला का नाहीस, बाबा?"

"बोललो असतो तर मला दुसरा हात दिला असता." तो मीटरकडे बघत होता. "आणि त्या दिवशी तो रेडिओवर बोलला तेव्हा रेडिओ माझ्याजवळपण होता. मी बोलायचं बटण दाबलं नाही."

मी म्हटलं, हे मला काय सांगतोस, त्याला सांग. तो म्हणाला, सांगतो. इटली गेली, फेब्रुवारी गेला, आणि आमच्यातल्या पुरुषांप्रमाणे त्यानेही काही सांगितलं नाही.

मार्चमध्ये ऑस्लो. हंगामाची शेवटची शर्यत सुटली की मेणवाल्यांना हातावर हात ठेवून बसण्यापलीकडे काम नसतं. जे लावायचं ते लावलेलं असतं. डोंगरावर माणसांचा समुद्र, झेंडे, वाफाळलेले सॉसेज, प्रत्येक पडलेल्या निशाणाला एकच आरोळी. आमचा उतार स्टेडियममागे, तिथे चिटपाखरू नव्हतं. मी ट्रकमध्ये खोकी बांधत होते. योस्टाइन दारात आला, दोन जुन्या जोड्या खांद्यावर घेऊन, आणि गुल्लिकला म्हणाला, "चल."

"कशाला? सगळं संपलं."

"माहीत आहे. चल."

गुल्लिकने खरवडणी खाली ठेवली. मी खोकी सोडून दारात आले. दोघे वर चढले, शेजारी उभे राहिले, आणि योस्टाइनने हात पुढे केला. गुल्लिकच्या अंगात जाकीट नव्हतं. ते दोन महिने माझ्या सीटमागे पडून होतं. ते सुटले. पंधरा वर्षांची सवय, गुडघे एकदमच वाकले, दोन माणसं एका माणसासारखी खाली आली. फांदीपाशी हात सुटले.

आणि गुल्लिक मागे पडू लागला. सावकाश, सारखा. खरा किती मागे पडतो हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. योस्टाइनने मागे वळून पाहिलं नाही, ब्रेक मारला नाही, त्यांच्या कामात ते बसतच नाही. फक्त त्याचा हात, हात सोडल्यावर गुडघ्यावर यायला हवा तो, तसाच मागे पसरलेला राहिला, उतार संपून स्की आपोआप थांबेपर्यंत.

गुल्लिक त्याच्यापाशी पोचला तेव्हा ते माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होते.

"किती?" गुल्लिकने विचारलं.

"तीन स्कींच्या लांबीइतका." योस्टाइन खाली बघत म्हणाला. "काय झालंय तुला, गुल्लिक? आजारी आहेस?"

"नाही. डॉक्टरला दाखवलं. काही नाही." मग तो म्हणाला, "एकट्याला जेवण जात नाही. घास घेतो आणि घर ऐकू येतं. आता समोर माणसं असली तरी जात नाही. एवढा बाप्या, हे कुणाला सांगू?"

योस्टाइनने आपल्या हातमोज्याने गुल्लिकच्या पाठीवरचा बर्फ झटकला. तिथे बर्फ नव्हता. स्टेडियममध्ये मोठी आरोळी उठली. कुणीतरी जिंकलं होतं. आम्हाला कोण ते संध्याकाळी कळलं.

हंगाम संपल्यावर योस्टाइन उत्तरेला घरी गेला, बायकोपोरांत. जाताना म्हणाला, ईस्टरला येतो तुझ्याकडे. येईलही. आला तरी चार दिवस राहील, त्यालाही घर आहे. मी गुल्लिकला घेऊन दरीत आले. वाटेत तो म्हणाला, वर्कशॉपातलं मशीन चांगलं आहे, नवीन आहे. मी म्हटलं, हो, ऐकलंय. बाकी सगळी वाट आम्ही वायपर ऐकत काढली.

फाटकाशी थांबले तेव्हा ऊन कलतं होतं. तो कधी म्हणत नाही, पण त्या दिवशी म्हणाला, "कॉफी घेऊन जा." स्वयंपाकघर स्वच्छ होतं. फुलझाडं होती तिथे खिडकीच्या फळीवर गोल डाग. टेबलाला दोन खुर्च्या, त्यातली एक भिंतीला लावून ठेवलेली. मी ती ओढून घेतली आणि बसले. फ्रिजरमधला पाव त्याने शेकला, तपकिरी चीज कापलं, आणि आम्ही खाल्लं. मी मुद्दाम त्याच्या ताटलीकडे न बघता हालवरची निंदा सुरू केली. तो कसा हसतो, कसा सगळ्यांना पटकन आवडतो, असल्या माणसांचा काय भरवसा. गुल्लिक चक्क हसला. हसताहसता त्याने पावाचा एक तुकडा संपवला आणि दुसरा घेतला. मी मनात म्हटलं, चला, जातंय की.

ट्रक संध्याकाळच्या आत डेपोत पोचवायचा होता. मी निघाले, वर चढले, इंजिन सुरू केलं, आणि आरसा नीट करताना सवयीने खाली स्वयंपाकघरात नजर गेली. गुल्लिक टेबलाशी उभा होता. दुसरा तुकडा अर्धा खाल्लेला त्याच्या हातात होता. त्याने तो तोंडाजवळ नेला, थोडा वेळ तसाच धरला, मग ताटलीत ठेवला, ताटली उचलली आणि तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकून झाकण लावलं. मग माझी खुर्ची परत भिंतीला नेऊन लावली.

मी इंजिन बंद केलं. खाली उतरले, दार न वाजवता आत गेले, भिंतीची खुर्ची पुन्हा टेबलाशी ओढली आणि म्हटलं, "माझं पोट भरलं नाही रे. अजून पाव काढ, दोघांपुरता."